सांध्यावर अडणारं इंजिन

मी रत्नागिरीत घड्याळं दुरुस्त करायचो तेव्हाची गोष्ट. मिरकरवाड्यातल्या एका खलाशी चाचांनी विलायतेहून बॅटरीवर चालणारी छोटी आगगाडी आणली होती. तिचं इंजिन रूळ बदलायच्या सांध्यावर दर वेळी थांबे. खरी आगगाडी मी पाहिलेलीही नव्हती. तीन दिवस चाकं पुसली, तेल घातलं; जेवणातही लक्ष लागेना.

“राहू दे रे, बोटाने ढकलू,” चाचा म्हणाले.

“मग बॅटरी कशाला हवी, चाचा?” मी चिडलो.

शेवटी जमिनीवर आडवा होऊन पाहिलं. बॅटरी रुळांना जोडलेली होती, आणि रुळातून वीज घेणारी इंजिनाखालची पट्टी सांध्याच्या फटीवर आली की अधांतरी राहत होती. तिच्यामागे तांब्याची दुसरी पट्टी जोडली. इंजिन न थांबता पार गेलं. चाचा हसले. मी मात्र बॅटरी संपेपर्यंत ते पुन्हापुन्हा तिथूनच नेत राहिलो, विश्वासच बसेना.