मडगार्डवरची जागा

ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकावर मडगार्ड असतं ते चिखल आणि दगड अडवायला. तासगावकडं हे कुणाला सांगितलं तर हसतील. आमच्याकडं मडगार्ड म्हणजे बसायची जागा. द्राक्षबागेत जाताना बायको तिथंच बसते, भिजलेला टॉवेल तिथंच वाळतो, स्टँडवर उतरलेल्या पाहुण्यालाही मानानं तिथंच बसवतात. 'इथे बसू नये' असं सांगणारं चित्र त्यावर चिकटवलेलं असतं. आमचे लोक नेमके त्या चित्रावरच बसतात.

डावं मडगार्ड आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. एका हातानं दांडी धरायची आणि रस्ताभर मला शिकवायचं. "गिअर बदल की रं!" मी वैतागायचो. पण गेल्या दिवाळीनंतर त्यांची नजर कमी झाली, हातातला जोर गेला. एकदा ओढ्याच्या उताराला ते थेट चाकाकडं कलले. शर्टाला धरून ओढलं म्हणून वाचले. खाली उतरल्यावर म्हणतात, "काय न्हाई रं, जरा डुलकी लागली."

'आबा, आता इथं बसू नका' एवढंच म्हणायचं होतं. म्हणवेना. ज्यांनी मला ट्रॅक्टर शिकवला, त्यांनाच ट्रॅक्टरवरून कोणत्या तोंडानं उतरवायचं? मग मी अतिशहाणपणा केला. सांगलीहून दोन मोठे स्पीकर आणले आणि दोन्ही मडगार्डवर बोल्टनं पक्के आवळले, ऊस वाहणाऱ्या पोरांच्या ट्रॅक्टरवर असतात तसले. मला गाण्याची काडीची आवड नाही. बायको म्हणाली, "आवं, तोंडानं सांगायचं सोडून ह्यो कसला उद्योग?" तिचीही जागा गेली होती.

आबांनी स्पीकर हातानं चाचपला. दुसऱ्या दिवसापासून मळ्याकडं चालत यायला लागले. ट्रॉलीत बसा म्हटलं, तर म्हणाले, "चाललं म्हंजी पाय मोकळं हुत्यात."

पारावर कुणीतरी त्यांना छेडलं, "काय आबा, पोरानं खाली उतरवलं व्हय?"

"न्हाई रं. त्याला गाण्याची लय हौस. ल्हानपणी कवा पुरवता आली न्हाई."

मी मागंच उभा होतो. माझ्यासारख्या खोटारड्याची बाजू घेत होते ते. लाज वाटली. तरी पुढं होऊन खरं काय ते सांगितलं नाही.

स्पीकर नुसते शोभेचे दिसू नयेत म्हणून मी रोज गाणी लावत होतो. परवा मळ्याकडं निघालो तेव्हा गाणं लावलंच नाही. कानाला तेवढीच विश्रांती. वळणापाशी थांबून मागं पाहिलं, तर आबा काठी टेकत येत होते. जवळ येऊन दम खात म्हणाले, "आज गाणं का न्हाई?"

"नको वाटलं."

"लाव रं. मला लांबचं दिसत न्हाई. गाणं असलं की कळतं, तू फुडं कुठवर गेलाईस."

मी गाणं लावलं. पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू ट्रॅक्टर चालवला. तरी आबा मागं पडत गेले आणि मी आवाज वाढवत राहिलो.