नवव्या प्रकरणाचं शुद्धिपत्र

फ्लोरा आंटींसमोर "समजलं" हा शब्द चालत नसे. कुणी तो उच्चारला की त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "समजलं म्हणू नको, करून दाखव. समजलं काय, कोणपण म्हणतं. सिनेगॉगमध्ये अर्धी माणसं पुढच्याचं ऐकून आमेन म्हणतात."

हे वाक्य मी पहिल्याच भेटीत ऐकलं. बेर्शेबाच्या एका लहान वाचनालयात मी अभ्यासाचं पुस्तक शोधायला गेले होते. कॉम्प्युटरवर पुस्तकांची यादी कशी पाहायची ते काउंटरवरच्या बाईंनी मला हिब्रूत सांगितलं. मी मान डोलावली, "तोदा" म्हणून आभार मानले आणि वळले. त्यांनी मला परत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि माझा हात माऊसवर ठेवला. मला काही कळलेलं नाही हे मिनिटभरात उघड झालं. मी ओशाळून पुटपुटले ते मराठीत असावं, कारण त्या एकदम म्हणाल्या, "कुठली गो तू?"

"ठाण्याची. आता दिमोनाची."

"मी भायखळ्याची. बस. आता परत पहिल्यापासून कर, आणि ह्या वेळी मान हलवू नको. मानेनं कॉम्प्युटर चालत नाही."

माझी मान का हलते ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील कापड गिरणीत, आई शाळेत सफाईला. विद्यापीठातल्या वर्गात बाकीचे माना डोलवत, म्हणून मीही डोलवायची. आपल्याला एकटीलाच येत नाही हे बाहेर पडू नये, एवढीच त्या वर्षी माझी धडपड होती.

आंटी मुंबईला एका बोटीच्या कंपनीत टायपिस्ट होत्या. इकडे आल्यावर काही वर्षं कारखान्यात खोकी भरली, मग वाचनालयात लागल्या. नवरा वारला होता, मुलगा ओफेर तेल अवीवला नोकरीत होता आणि सणाला यायचा. आंटी त्याच्याशी मराठीत बोलत, तो हिब्रूत उत्तर देई. वाचनालयात कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. त्या सगळ्यांत शेवटी शिकतील असं ज्यांना वाटलं, त्यांनाच त्यांनी शिकवलं.

पुढे वाचनालयाला वेबसाईट हवी झाली आणि वरून कळलं की त्यासाठी पैसे नाहीत. आंटींनी इंटरनेटवर शोधून एक फुकट मिळणारी प्रणाली काढली. ती एकदा बसवली की कोड न लिहिता कुणीही वेबसाईटवर मजकूर आणि चित्रं टाकू शकतो, बदलू शकतो. तिला ओपन सोर्स म्हणतात, म्हणजे तिचा कोड सगळ्यांना खुला असतो. मी विचारलं, "फुकट कसं काय देतात, आंटी?"

"आपल्या जमातीची भांडी आठवतात? लग्नाला न्यायची, वापरायची, पोचा पडला असेल तर ठोकून आणायची आणि परत ठेवायची. मालक कोण? सगळे. हेपण तसंच. फक्त भांडं कसं वापरायचं ते कोणी लिहून ठेवलेलं नाय. जे लिहिलंय ते ज्यांना येतं त्यांच्यासाठी लिहिलंय."

म्हणून त्या स्वतः लिहायला बसल्या. साध्या हिब्रूत, वाचनालयांसाठी, शाळांसाठी, सिनेगॉगच्या सेक्रेटऱ्यांसाठी. नऊ प्रकरणं ठरली होती. एका प्रकाशकानं पहिली तीन वाचून परत पाठवली. हिब्रू फार बाळबोध आहे, असं त्यानं कळवलं. ते पत्र आंटींनी मला वाचून दाखवलं आणि फाईलला लावून टाकलं. म्हणाल्या, "कठीण हिब्रू मला येतच नाय. उलपानच्या हिब्रू वर्गात जेवढं शिकवलं तेवढ्यातच लिहिणार. जो मागाहून आला त्याला ते तरी वाचता येईल." पण त्या दिवशी त्यांनी एक ओळही लिहिली नाही. पत्रातला तो शब्द त्यांना लागला होता.

माझं काम ठरलेलं होतं. प्रकरण पूर्ण झालं की आंटी ते छापून माझ्या हातात देत, मला वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवत आणि मागे स्टूल घेऊन वही उघडत. "लिहिलंय तेवढंच कर. स्वतःचं डोकं लावू नको." मी अडले की त्या माझ्याकडे पाहत नसत, वहीत लिहीत. मी चुकले की त्यांचा चेहरा खुलायचा. चौथ्या प्रकरणात मी सात वेळा अडले आणि त्यांनी ते अख्खं फाडून नव्यानं लिहिलं. मला वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "वाईट काय त्यात? सात खड्डे सापडले."

मी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. आठ प्रकरणं होईपर्यंत मला कॉम्प्युटर बराच येऊ लागला होता. आंटी लोकांना सांगायच्या, "ही आमची रीना, युनिव्हर्सिटीत आहे." तेव्हा मला अडणं पहिल्यापेक्षा जास्त जड जायला लागलं.

नववं प्रकरण होतं आपल्या कॉम्प्युटरवर तयार केलेली साईट सगळ्या जगाला दिसेल अशा दुसऱ्या मशीनवर हलवण्याचं. पेसाख तोंडावर आला होता. पुस्तक आंटी स्वतःच छापून घेणार होत्या, सणाआधी छापखाना बंद होणार होता आणि त्या आठवड्यात आंटींच्या पोटात दुखत होतं. त्या म्हणाल्या, "मी कुपात खोलीमच्या दवाखान्यात डॉक्टरला दाखवून येते, तू नववं कर." मी केलं. सगळं हललं, पण चित्र काही चढेना. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट. मी तीनदा पहिल्यापासून केलं. तिन्ही वेळा तेच. माझंच काहीतरी चुकतंय अशी माझी खात्री झाली.

आंटी परत आल्या, चेहरा उतरलेला. "झालं?"

"झालं," मी म्हटलं.

त्या नेहमीप्रमाणे करून दाखव म्हणतील याची मी वाट पाहिली. त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू म्हणतेस ना, मग बस." आणि कागद घेऊन छापखान्यात गेल्या.

पुस्तक आलं. निळ्या रंगाचं, जरा जाड कागदावर. आंटी ते बाजाराच्या चाकाच्या पिशवीत भरून बसनं गावोगाव नेत. जिथे आपली मराठी बोलणारी यहुदी माणसं जमतील तिथे त्या हजर. यरुशलेमला एका घरी मलिद्याचा विधी होता, तिथे पोहे, नारळ, फळांच्या ताटाशेजारी त्यांनी पुस्तकं मांडली. एका बाईंनी चाळून विचारलं, "फ्लोरा, ह्यात आपल्या पुरणपोळ्या कुठे आहेत?"

"शेवटच्या पानावर," आंटी म्हणाल्या. "तिथवर वाचत जा."

एक गृहस्थ म्हणाले, "प्रोग्राम फुकट, मग पुस्तक विकत का घ्यायचं?"

"देवानं तोरापण फुकटच दिली. शिकवणाऱ्या हाखामला तुम्ही उपाशी ठेवता काय?"

लोक हसले, आणि त्या गृहस्थांनीच पहिली प्रत घेतली. घेणाऱ्या प्रत्येकाकडून आंटी शाळेच्या वहीत नाव आणि टेलिफोन लिहून घेत. कुठे अडलात तर मला कळलं पाहिजे, म्हणत.

रामल्याला समाजाच्या हॉलमध्ये त्यांनी मोठा कार्यक्रम ठरवला. प्रोजेक्टर मागून आणला. स्वतः काही करणार नव्हत्या. तिथल्या सिनेगॉगचे सेक्रेटरी, सत्तरीचे सायमन अंकल, पुस्तक वाचत वाचत सगळ्यांसमोर सिनेगॉगची साईट तयार करणार होते. तासभर ते एका बोटानं टाईप करत राहिले आणि माणसं खरंच पाहत राहिली. नवव्या प्रकरणात सिनेगॉगचा फोटो टाकायची वेळ आली. भिंतीवर रिकामी चौकट उमटली, आणि खाली ती इंग्रजी ओळ, वाचता येणार नाही इतकी पुसट.

"नू, फ्लोरा?" अंकल म्हणाले. "माझं काय चुकलं?"

"काय नाय चुकलं. परत करा."

दोनदा परत केलं. मागे बसलेला एक तरुण हिब्रूत म्हणाला की यासाठी माणसं शिकलेली लागतात, घरच्या बायकांचं हे काम नाही. खुर्च्या सरकल्या, लोक चहाकडे गेले. आंटी उभ्या राहिल्या आणि उरलेल्यांना म्हणाल्या, "सायमननी लिहिलंय तसंच केलं. माझ्या पुस्तकात पायरी गळलीय. शोधून कळवते." मी पहिल्या रांगेत बसले होते. मी उठून उरलेली पुस्तकं पिशवीत भरू लागले.

परतीच्या बसमध्ये त्या नवव्या प्रकरणाच्या ओळींवरून बोट फिरवत होत्या. "माझ्याकडे चित्र चढतं. तुझ्याकडेपण चढलं होतं. मग त्या मशीनमध्ये काय कमी आहे, जे आपल्या दोघींच्यात आहे?" मी खिडकीबाहेर पाहिलं. माझ्या एका शब्दावर विसंबून त्या विचार करत होत्या, आणि म्हणूनच त्यांना उत्तर सापडणार नव्हतं. हे मला तिथेच, बसमध्ये कळलं. तरी मी गप्प राहिले. पुढले पंधरा दिवस त्या रोज स्वतःच्या कॉम्प्युटरवर नववं प्रकरण करून पाहत होत्या, आणि तिथे चित्र चढतच होतं.

मग तपासण्यांसाठी त्यांना इस्पितळात ठेवलं. मी गेले तर पलंगावर नववं प्रकरण पसरलेलं. हाताला सलाईन, दुसऱ्या हातात पेन्सिल. "बरं झालं आलीस. वाचनालयातल्या तुझ्या मशीनवर मी काय काय बसवलं होतं ते आठवून सांग."

"आंटी, माझ्याकडे चित्र चढलंच नव्हतं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "मग झालं कशाला म्हणालीस?"

"मला वाटलं, मलाच येत नाही."

"तेच तर मला पाहिजे होतं गो." त्यांचा आवाज वर गेला. शेजारच्या पलंगावरची बाई वळून पाहू लागली. "ज्यांना येतं ते ह्या देशात खूप आहेत, त्यांना माझी गरज नाय. मला न येणारी पोरगी पाहिजे होती. तुझ्यावर मी पुस्तक ठेवलं." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी उठले नाही. जायची हिंमत नव्हती आणि बसायचीही. नर्स आली, सलाईन पाहून गेली. आंटी भिंतीकडे पाहतच म्हणाल्या, "ती ओळ काय होती? पहिल्या शब्दापासून सांग."

ती मला पाठ होती. मी सांगितली. त्यांनी डोळे मिटले. "परवानगी," त्या म्हणाल्या. "चित्रांच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्यायची पायरी. माझ्या मशीनला ती कधीची दिलेली होती, म्हणून मला दिसलीच नाय. तू अडलीस तिथेच दिसली असती." आणि डोळे उघडून, "कागद घे. शुद्धिपत्र लिहू."

त्या दोन ओळींसाठी आम्ही दुपारभर बसलो. सहावीतल्या मुलाला वाचता येईल असं हिब्रू हवं होतं. मी म्हटलं, चूक माझ्यामुळे झाली असं खाली लिहू या. त्या म्हणाल्या, "कव्हरवर कोणाचं नाव आहे? मग गप बस." उरलेल्या प्रतींमध्ये मी चिठ्ठ्या चिकटवल्या. विकलेल्या प्रतींसाठी त्यांनी वही मागवली आणि पलंगावरून एकेकाला फोन सुरू केले. सायमन अंकलना सगळ्यांत आधी. रोज दोन-तीन. मग रोज एक. मग त्यांचा आवाज पुरेना.

माझ्यावरचा राग गेला का, ते मला सांगता येणार नाही. त्या पुन्हा पूर्वीसारख्या माझ्याशी बोलल्या, एवढं खरं. लाडानं मला "बाय" अशी हाकही मारली. पण कसलाही भार माझ्या शब्दावर त्यांनी परत टाकला नाही. टाकायला दिवसही उरले नव्हते. उन्हाळा सरता सरता त्या गेल्या.

शिवाच्या, म्हणजे सुतकाच्या, सात दिवसांनंतर मी ओफेरकडे वही मागितली. तो हिब्रूत म्हणाला, "आईनं त्यात काय लिहिलं ते मी कधी वाचलं नाही." पुस्तकाची एक प्रत ठेवून घेऊन त्यानं वही दिली. अर्ध्याहून अधिक नावांपुढे फोन झाल्याची खूण नव्हती. मी फोन करत गेले. कुणी म्हणालं, पुस्तक वाचलंच नाही, फ्लोरासाठी घेतलं. कुणाचा नंबर बदललेला. आपण अजून नवव्यापर्यंत पोचलो नाही, असं एका बाईंनी फार अपराधी आवाजात सांगितलं.

शेवटच्या पानावर यरुशलेमचे एक आयझॅक अंकल होते. कोकणातल्या आपल्या गावच्या सिनेगॉगचे जुने फोटो त्यांना साईटवर लावायचे होते. मी कशासाठी फोन केला ते सांगितलं.

"अगो, मला वाटलं आपलंच डोकं चालत नाय. पोरगा म्हणाला, अब्बा, तुमचं वय नाही आता. मी पुस्तक वर ठेवून दिलं."

"तुमचं काही चुकलं नव्हतं, अंकल. पायरी पुस्तकातून गळली होती. मी अडले होते आणि मी सांगितलं नाही."

"फ्लोराबाय कशी आहे?"

मी सांगितलं. त्यांनी देवाचं नाव घेतलं. मग म्हणाले, "आता मला दाखवणार कोण?"

"पुस्तक काढा. मी फोनवर आहे."

"कॉम्प्युटर जुना आहे माझा. सुरू व्हायलाच वेळ घेतो."

"घेऊ दे," मी म्हटलं. "मी थांबते."