कार्डावरचं दुसरं नाव

क्रांतीला भित्री म्हणायची गारगोटी डेपोत कुणाची टाप नव्हती. सोळा वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेली बाई. दारू पिऊन चढलेल्या पैलवानाला तिनं भर रस्त्यात उतरवून बेल मारलेली. आणि हीच बाई त्या रविवारी शाहूपुरीतल्या एका बोळात, परक्याच्या सोफ्यावर बसली होती आणि तिचे पाय लटलट कापत होते. साडी होती म्हणून कुणाला दिसत नव्हतं, एवढंच.

पर्समध्ये विसाराचा चेक होता. आयुष्यात पहिलंच घर घेत होती, आणि साठवलेलं सगळं त्या चेकात होतं. त्याच्या मागं घडी घालून आणखी एक कागद होता. तो फक्त तिला माहीत होता.

नवरा गेल्यापासून ती आणि दहावीतली लेक सई, दोघींनी भाड्याच्या सात खोल्या बदलल्या. कुठं घरमालकीण नळ बंद करायची, कुठं अकरा महिने भरले की पिशव्या दारात. म्हणून थोरला भाऊ धैर्यशील म्हणाला, "माझ्या बायकोच्या चुलतभावाचं घर हाय, अमरसिंहचं. वर-खाली दोन खोल्या. घरातलाच माणूस की!" तेव्हा तिला रडूच फुटलं होतं.

डेपोतले माधव क्लार्क मात्र फायलीतून मान वर काढून म्हणाले होते, "बाई, पाहुण्यांचं घर म्हणून डोळे मिटू नका. एकदा एकटीनं जाऊन या. पुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजारणीला विचारा, मालकाला नको. आणि प्रॉपर्टी कार्ड स्वतः काढा. त्यावर मालकांची जितकी नावं तितक्या सह्या. एक जरी कमी पडली तरी चेक पर्समधून बाहेर काढायचा नाही."

शेजारणीनं सांगितलं, पाणी पायरीला लागून परत गेलं. तिथवर ठीक. शुक्रवारी रजा टाकून क्रांतीनं कार्ड काढलं आणि तिथंच उभ्यानं वाचलं. अमरसिंहच्या वडिलांच्या माघारी वारस दोन लागले होते. एक अमरसिंह, दुसरी त्याची बहीण मोना. मोनाचं नाव तर व्यवहारात कुणी काढलंच नव्हतं.

आता विचारायचं कसं? तिकडं नारळ, पेढे, हळदकुंकू मांडून ठेवलेलं. असल्या बैठकीत पावण्याला बहिणीच्या सहीचं विचारायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखं. भाऊ जन्मात तोंड बघणार न्हाय. आणि न विचारावं तर? उद्या त्या बहिणीकडनं कोर्टाची नोटीस, सईचं शिक्षण, पुन्हा आठवी खोली.

"काढा की ताई चेक," अमरसिंह हसत म्हणाला. "मुहूर्त टळतोय."

"घाबरतीय ती," धैर्यशील म्हणाला. "पयल्यांदाच घेतीय न्हवं घर."

तेवढ्यात आतून एक बाई चहाचा ट्रे घेऊन आली. चाळिशीची, अंगानं किरकोळ, केस घाईनं बांधलेले. पावण्यांकडं न बघताच कप ठेवत होती.

"ही आमची मोना," अमरसिंहनं उरकून टाकल्यागत सांगितलं. "नवऱ्यासंगं जमलं न्हाय. वरच्या खोलीत असती."

क्रांतीनं उचललेला कप खाली ठेवला. वरच्या खोलीत असते? मग घर विकल्यावर ही बाई जाणार कुठं? तिनं पर्समध्ये हात घातला. धैर्यशील खूश झाला, त्याला वाटलं आता चेक निघतोय. कागद निघाला. घडी उलगडून तिनं तो मोनापुढं धरला.

"मोनाताई," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला चोरट्यासारखा वाटला, "ह्यावर तुमचं नाव हाय. घर विकायला तुमची सही लागती. तुम्ही देणार हाय न्हवं?"

मोनानं ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि कागद घेतला. आपल्या नावावर बोट ठेवून तिनं ते दोनदा वाचलं.

"विकतोयस?" ती भावाला म्हणाली. "मला म्हणालास, रंग द्यायचाय घराला, उद्यापासून चार दिवस नृसिंहवाडीला जाऊन ये. दर्शनही होईल म्हणालास. आणि परवा ते कोरे कागद पुढं केलेस, रेशनकार्डाचे म्हणून. सह्या केल्या की रे मी."

अमरसिंह उठून उभा राहिला. "आत जा मोना. तुला कळत न्हाय ह्यातलं."

मोना आत गेली नाही. कागद घट्ट धरून तिथंच उभी राहिली, रंग उडालेल्या तोंडानं.

"क्रांते, लाज काढलीस माझी!" धैर्यशील ओरडला. "भावानं सांगितल्यावर कागद तपासायचा असतो होय? ऊठ!"

क्रांती उठली. चेक पर्समध्येच होता, घर गेलं होतं. पण तिला त्याचं काही वाटेना, कारण आता तिला निराळंच काही आठवत होतं. सात वर्षांमागं तिचे वडील, आबा गेले, दिवसकार्य उरकलं आणि त्याच आठवड्यात धैर्यशील तिलाही कचेरीत घेऊन गेला होता. वारसाची नोंद करायची हाय, हितं हितं सही कर, म्हणाला होता. तिनं केली होती. रडून डोळे सुजलेले, आणि भावाचा कागद कोण वाचतंय?

"दादा," ती म्हणाली, "आबा गेल्यावर तू माझी सही घेतलीस, ती कशावर?"

धैर्यशीलनं चपला पायांत सरकवल्या. "चल, उशीर हुतोय," म्हणाला, आणि तिची वाट न बघता बोळात निघून गेला.