मोजून झालेलं पाणी

प्लास्टिकच्या बादलीला शेवाळाचा वास आला की मुळशीतला तो कोरडा उन्हाळा आठवतो. नदीत पाणी किती उरलंय ते बघायचं माझं काम होतं. खडकावरून पडणारी धार बादलीत धरायची आणि ती किती वेळात भरते ते घड्याळात पाहायचं. त्या दिवशी मी बादली लावतोय तोच वाडीतल्या एका मावशींनी ती खसकन ओढून घेतली. "धार कुटं पळून चाललीया व्हय? आदी ह्ये मासं हलवू." वरच्या डोहात नुसता चिखल उरला होता आणि मासे तोंडं वर काढून तडफडत होते. मी एक उचलायला वाकलो तर त्या ओरडल्या, "हात न्हाई लावायचा, देवाचं हायेत!" मग मी बादली आडवी धरली, त्यांनी जांभळीच्या डहाळीने मासे आत हाकलले, आणि दुपारभर आम्ही ते खालच्या डोहात नेऊन सोडले. उन्हं कलल्यावर मी पुन्हा धारेखाली बादली लावली. ती भरता भरेना. मावशी शेजारी बसून होत्या. शेवटी भरली, मी ती बाजूच्या वाळूत ओतणार, तेवढ्यात म्हणाल्या, "त्यांच्यातच वता की." अजूनही मोजणी झाली की मी भरली बादली घेऊन डोहापर्यंत चालत जातो. सोबतचे हसतात. हसोत बापडे.