कटिंगचा स्तंभ

"कानातलं काढ," साहेब म्हणाले. मी काढायच्या आत त्यांनीच वायर ओढली. जेवणाच्या सुट्टीत मी बघत होते तो व्हिडिओ अख्ख्या ऑफिसात वाजला. शिकवणारा हिंदीत सांगत होता, पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत आलेख कसा काढायचा.

"पायथन?" साहेब हसले. ते पुण्याचे. "तुमच्या सुरंगी गावच्या जंगलात साप कमी पडले का गं?"

सगळे हसले. मीही हसले. भीतीनं.

सिल्वासातल्या त्या कारखान्यात मी कंत्राटी. कॉम्प्युटरवर नोंदी भरायचे. आई तिथंच कटिंग खात्यात. ठेकेदार एकच. माझ्या तोंडून एक शब्द गेला की दोघी गेटबाहेर.

तरी शिकत राहिले. व्हिडिओतली उदाहरणं सगळी परदेशी फुलांची. पाकळीची लांबी, पाकळीची रुंदी. तसंच टाईप करायचे. चुकलं की स्क्रीनवर लाल अक्षरं, आणि मी पटकन विंडो बंद करायचे. कोणी बघितलं तर?

मग एक दिवस साहेबच म्हणाले, "ए सापवाली, उद्या माल घेणाऱ्या कंपनीची माणसं येतायत. अपघातांचा आलेख करून दे."

केला. पाकळ्यांच्या जागी मशीनच्या पात्यात तुटलेली बोटं आली. बाकी खात्यांचे स्तंभ बुटके. कटिंगचा वर चढलेला. त्यातलं एक बोट माझ्या आईचं.

साहेबांनी पाहिलं. या वेळी हसले नाहीत. "कंत्राटी बायका काढ यातून. त्या आपल्या नाहीत."

कोडची एक ओळ पुरते त्याला. व्हिडिओतच शिकले होते. लिहिली. कटिंगचा स्तंभ जमिनीला टेकला. आईचं बोट दुसऱ्यांदा गेलं. माझ्या हातानं.

सुट्टीत आईकडे गेले. उरलेल्या बोटांनी ती भाकरी मोडत होती. सगळं सांगितलं.

"राहू दे काढलेलं, बाय," ती म्हणाली. "बोट काय परत येणार हाय? नोकरी तं राहू दे."

"बोट गेल्यावर तुला झाडूला लावलं. तुझ्या मशीनवर आता कोण बसतं?"

"अथाल गावची सून एक. नवीन हाय."

"बोट आत जाऊ नये म्हणून पात्याला जाळी लावली?"

आईनं हातातला घास खाली ठेवला.

परत आले. ती ओळ पुसली. स्तंभ पुन्हा चढला. स्क्रीनचा फोनमध्ये फोटो घेतला.

"काढलं?" साहेब मागे उभे.

"नाही साहेब."

"आईला घरी बसवू?"

"बसवा. तिचं बोट आलेखातून काढणार नाही."

दुसऱ्या दिवशी दोघींना गेटवरच अडवलं.

भीती गेलेली नाही. ठेकेदाराची गाडी दिसली की मी आजही भिंतीकडे सरकते. पण तो आलेख तुमच्या हातातल्या याच पत्रकाच्या मागे छापलाय. त्या पात्याला जाळी लागेपर्यंत रोज सकाळी गेटवर वाटणार. हात थरथरतील. थरथरत्या हातांनी वाटणार.