तीन किलो गूळ जास्त झाला

त्या रविवारी मला देवदर्शन नको होतं, झोप हवी होती. लाज वाटते, पण खरं तेच सांगते. महिना-दीड महिना आमच्या घरात कुणी धड झोपलेलं नव्हतं. साडेचार वर्षांचा आमचा संग्राम, रात्रीचं अंथरूण ओलं करायचा कधीच बंद झालेला, तो पुन्हा गादी भिजवायला लागला होता. एका रात्रीत दोनदा, तीनदा. दिवसभर पाण्याच्या तांब्याला चिकटलेला. पाणी प्यायचं, मोरीकडं पळायचं, परत पाणी प्यायचं. कुठं बाहेर न्यायची सोय राहिली नव्हती. रंकाळ्यावर फिरायला नेला तर भेळेची पुडी सोडून 'आई, पाणी', आणि पाणी दिलं की पाच मिनिटांत 'आई, शू'. कडेवर नऊ महिन्यांची ओवी, हातात हा, आणि ह्यांची नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, पाळीची. मी अगदी मेटाकुटीला आले होते.

सगळ्यांनी मला एकच कारण सांगितलं, आणि मलाही ते पटलं. बारकी बहीण आली म्हणून पोरगं लक्ष वेधून घेतंय. मुद्दाम करतंय. शेजारणीनं सांगितलं, दुर्लक्ष कर. बहिणीनं सांगितलं, सहानंतर पाणी बंद कर. मी दुर्लक्षही केलं, पाणीही बंद केलं, आणि एका पहाटे ओल्या गादीवरच उभा करून दोन धपाटेही घातले. पोरगं किरकिरं झालं होतं, खेळायला जात नव्हतं, जिन्यात मध्येच बसून राहायचं. मला वाटायचं, नाटकं सगळी.

आता नवसाचं सांगते. संग्राम आठव्या महिन्यात जन्मला, जेमतेम दीड किलोचा. काचेच्या पेटीतलं ते लाललाल पिल्लू बघून सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, राधानगरीकडच्या आमच्या गावच्या भैरोबाला बोलून टाकलं, "पोरगं घरला येऊ दे, त्याच्या वजनाइतका गूळ वाहीन." पोरगं घरी आलं. नवस मात्र राहूनच गेला. एक वर्षी पुराचं पाणी दारात, एक वर्षी ह्यांना सुट्टी नाही, मग मला दिवस गेले. पोरगं वाढत गेलं तसा नवसही वाढत गेला. दीड किलोत भागलं असतं ते सोळा किलोवर नेलंत, म्हणून मी आत्यांना चिडवायची. माझा स्वतःचा नवसावर काडीचा विश्वास नव्हता. देव काय गुळाचा व्यापारी आहे, वजन करून घ्यायला? पण आत्यांनी हाय खाल्ली होती. पोरगं असं का करतंय, तर नवस फेडला नाही म्हणून, असं त्यांनी डोक्यात घेतलं. रोज सकाळी तेच ऐकून माझं डोकं उठायचं. शेवटी म्हटलं, चला, एकदाचं वाहून टाकू आणि मोकळं होऊ. ही माझी भक्ती.

दिवाळीत बालवाडीत वजन केलं तेव्हा संग्राम सोळा किलो भरला होता. आता माघ लागलेला, म्हणजे थोडा वाढला असेल, म्हणून सतरा किलो गूळ घेतला. दहा किलोचा एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, आणि एकेक किलोचे सात. ह्यांनी मित्राची व्हॅन मागून आणली. कोल्हापूर सोडून पुईखडीचा चढ चढलो नाही तोच "आई, पाणी" सुरू झालं. परितं गाव यायच्या आत गाडी तीनदा थांबली. तिसऱ्यांदा त्यानं गाडी थांबायचीही वाट बघितली नाही. चड्डी, सीट, माझी नवी साडी, सगळं भिजलं. माझा तोल गेला. मी बाटली त्याच्या हातातून ओढून घेतली, झाकण आवळलं आणि पायाशी ठेवली. म्हटलं, "आता गाव येईस्तोवर एक घोट मिळणार नाही. बघतेच कसा मुततोस ते."

आत्या हळूच म्हणाल्या, "दे की गं घोटभर. उन्हं हायत."

"मग धुणं तुम्ही धुवा," मी म्हणाले. संग्राम रडलाही नाही. नुसता ओठ चाटत खिडकीबाहेर बघत राहिला. ते मला तेव्हा दिसलं होतं. बरा सरळ आला, असंच वाटलं होतं.

भैरोबाचं देऊळ गावाबाहेर आहे. समोर मंडप, मंडपाच्या तुळईला साखळ्यांनी टांगलेला जुना तराजू, दोन लाकडी पारडी. नवसाची माणसं रविवारी येतातच, तशी पाचपंचवीस होती. गाडीतून उतरताच संग्राम दारातल्या रांजणाकडं पळाला. मी त्याला दंडाला धरून ओढत आणलं आणि पारड्यात बसवलं. दुसऱ्या पारड्यात गुरवानं गुळाचे रवे रचले. गुळाचं पारडं धाडकन खाली बसलं आणि आमचं पोरगं वर लटकलं.

गुरवानं एक रवा काढला. काही नाही. दुसरा काढला, तरी पोरगं वरच. तिसरा काढला तेव्हा कुठं दोन्ही पारडी समोरासमोर आली. चौदा. मंडपातलं कुणीतरी हसलं, "वैनी, पोराला उपाशी ठेवता काय वो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याचा राग मी गुरवावर काढला. म्हटलं, "तुमचा तराजूच बिघडलाय. दिवाळीत सोळा भरला होता हा."

"वैनी, ह्या तराजूला माझ्या आज्याच्या वक्तापासनं कुणी नाव ठेवलं न्हाय," गुरवही तापला. त्यानं संग्रामला उचलून खाली ठेवलं, एका पारड्यात पाच किलोचं लोखंडी माप टाकलं, दुसऱ्यात किलोचे पाच रवे. पारडी सरळ रेषेत थांबली. "आता बोला," तो म्हणाला. तराजू खरा होता, बालवाडीचा काटाही खरा होता, आणि मधल्या तीन महिन्यांत माझं पोरगं दोन किलोनं उतरलं होतं. उंच होतंय म्हणून बारीक दिसतंय, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत होते. संग्राम तोवर पुन्हा रांजणापाशी जाऊन उभा होता. पण पाणी घेतलं नव्हतं त्यानं. माझ्याकडं बघत नुसता उभा होता.

खांबाला टेकून एक बाई बसली होती, शेजारी तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी. त्या काही नवसाला आल्या नव्हत्या. माहेरी निघाल्या होत्या, फाट्यावर एसटी बंद पडली, म्हणून सावलीला येऊन बसलेल्या. ती बाई उठून सरळ माझ्यापुढं आली. "ताई, पोरगं पाणी लई पितंय काय?"

मी पदर सारखा करत दुसरीकडं बघितलं.

"अंथरुणात मुततंय?"

चारचौघांत हे ऐकून मी भडकले. "तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय करायचं न्हाय, तुम्हालाच करायचंय," ती माझ्याहून मोठ्यानं म्हणाली. "ह्या माझ्या पोरीचं अस्संच झालतं. मीबी मारलं हुतं तिला." आणि तिनं पिशवीतून साखर तपासायचं छोटं मशीन काढलं.

तिच्या मुलीनंच नवी सुई लावून संग्रामचं बोट धरलं. "दुखत न्हाय रे, मी रोज टोचून घेते," असं म्हणेपर्यंत थेंब आलाही. मशीनवर आकडा आला नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. आम्हाला काही कळलं नाही, पण त्या बाईचा चेहरा उतरला. "मशीनला मोजता येत न्हाय इतकी साखर हाय. आत्ताच्या आत्ता कोल्हापूर गाठा, लहान पोरांच्या डॉक्टरकडं. आन ताई, आधी त्याला पाणी द्या. मागंल तेवढं द्या."

मी गाडीकडं पळाले. पायाशी ठेवलेली ती बाटली उघडली, झाकण हातातून निसटून घरंगळत गेलं. संग्रामनं बाटली दोन्ही हातांनी धरली आणि पिऊ लागला. प्रत्येक घोटाला डोळे वर करून माझ्याकडं बघत होता, आई आता ओढून घेते की काय म्हणून. तो आजार त्याला मी दिला नव्हता, हे पुढं डॉक्टरांनी मला दहा वेळा समजावलं. पण ती नजर मीच दिलेली होती. त्या भरल्या मंडपात मी मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले.

आत्यांचा जीव नवसात अडकला होता. गूळतुला झाली, पण आरती राहिली, प्रसाद राहिला. मघाशी माझ्यावर तापलेला गुरवच म्हणाला, "आवो, नवस फिटला म्हणून धरा. मागचं समदं मी करतो. देव कुठं पळून चाललाय व्हय? पोराला घ्या आन निघा आधी."

परतीच्या वाटेवर संग्राम माझ्या मांडीवर पेंगत होता. त्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडूस वास येत होता. आत्या मागं ओवीला घेऊन देवाचं नाव घेत होत्या. मलाही काहीतरी म्हणायचं होतं, पण एक स्तोत्र म्हणून आठवेना. देवाशी मी नेहमी वादच घातलेला, मागायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. मनातल्या मनात एवढंच म्हणत राहिले, "भैरोबा, चुकले रे मी. मला काय ते कर. त्याला राहू दे." आयुष्यात पहिल्यांदा मी अट न घालता कुणाला काही मागितलं असेन.

डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. लहानपणी होणारा मधुमेह. शरीरात इन्सुलिनच बनत नाही, साखर रक्तात साचते आणि लघवीवाटे जाते, म्हणून ती तहान, म्हणून ती गादी, म्हणून ते उतरलेलं वजन. पोरगं काहीही मुद्दाम करत नव्हतं. "आज आणलंत ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन दिवस काढले असते, तर बेशुद्धीतच आणावं लागलं असतं."

तिसऱ्या दिवशी संग्राम उठून बसला आणि ओवीच्या हातातला खुळखुळा हिसकावून घेतला. ती भोकाड पसरून रडली. दीड महिन्यात पहिल्यांदा तो भांडला होता. एरवी मी त्याला फटकावलं असतं. त्या दिवशी मी नुसती बघत बसले.

त्या बाईचा नंबर ह्यांनी घेऊन ठेवला होता. मी फोन केला, आभार कसे मानायचे तेच सुचेना. तुमच्या रूपानं देव आला, असं काहीतरी मी बोलले. ती हसायलाच लागली. म्हणाली, "माझं काय घेऊन बसलाय? ते एसटीच्या ड्रायव्हरला सांगा की. गाडी त्याची बंद पडली. मी तर त्याला शिव्या घालत बसलेली." मग तिनंच अर्धा तास मला समजावलं. खायला कधी द्यायचं, साखर उतरली तर काय करायचं, शाळेत काय सांगायचं. शेवटी म्हणाली, "रडायचं ते रडून घ्या, पण पोरापुढं नगं."

आत्या म्हणतात, भैरोबानं पोराला स्वतः तोलून बघितलं. चार वर्षं नवस फेडू दिला नाही तो ह्याच दिवसासाठी. हे म्हणतात, योगायोग. दोघं अजूनही यावरून वाद घालतात. मी त्यात पडत नाही. मला एवढंच कळतं, की सगळं मला कळतं असं समजून मी दीड महिना पोरालाच दोष देत होते, आणि ज्यावर माझा विश्वास नव्हता त्या लाकडी पारड्यानं मला गप्प केलं. शरण जाणं म्हणजे काय, हे मोठी माणसं मोठ्या शब्दांत सांगतात. माझ्यापुरतं ते एवढंच आहे. मला माहीत नाही, असं म्हणायचं आणि समोरच्याचं ऐकायचं. मग तो गुरव असो, वाटेवरची बाई असो, की स्वतःचं साडेचार वर्षांचं पोर. राग माझा गेलेला नाही. आजही ओरडते. पण ओरडायच्या आधी एकदा विचारते, काय होतंय रे तुला?

घरी सोडायच्या दिवशी नर्स म्हणाल्या, आज इंजेक्शन आईनं द्यायचं, मी बघते. हे खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. समोर जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं. मी सुई धरली, मांडीची कातडी चिमटीत धरली, आणि हात पुढं जाईना. डोळे गच्च मिटून घेतले. म्हटलं, भैरोबा, तूच टोच रे बाबा.

"आई, डोळं उघड की!" संग्राम खेकसला. "न बघता कुठं टोचतीस?"

मी डोळे उघडले. त्याच्याकडं बघितलं आणि टोचलं. दहा आकडे मोजून सुई बाहेर काढली.

"झालं?"

"झालं."

"मग एवढा उशीर कशाला लावलास? भूक लागलीया मला," असं म्हणून त्यानं वर सारलेली चड्डी खाली ओढली आणि ताट पुढं घेतलं.