फिका प्रसाद

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, भामरागडच्या पुढे जंगलात असलेल्या आमच्या कॅम्पात एका पावसाळ्यात बिनसाखरेचा, बिनतुपाचा आणि बिनमिठाचा प्रसाद बनवण्यात आला. ज्या आचाऱ्याने तो बनवला, त्याने हात पिठात असतानाच भर लंगरमध्ये त्याचा जाहीर निषेध केला. निषेध कंपनी कमांडरांपर्यंत तोंडी पोचवण्यात आला. साहेब हसले. कारवाई शून्य.

लंगर म्हणजे आमचा मेस. आचारी रामदास, चिमूरकडचा. मी सावली गावचा. निमलष्करी दलातली नोकरी. गावात आम्हाला फौजीच म्हणतात. काश्मीर, आसाम फिरवून दलानं मला शेवटी घराजवळ आणून टाकलं होतं. जवळ म्हणजे नकाशावर. नदी चढली की सावली आणि काश्मीर सारखेच लांब. माझा हुद्दा क्वार्टर मास्टर हवालदार. कंपनीचं रेशन, ब्लँकेटं, बूट आणि शिव्या, या सगळ्याचा ताबा माझ्याकडे.

रामदासचा एक कायदा होता. कोणताही जवान उपाशीपोटी गेटबाहेर जाणार नाही. गस्तीची पार्टी निघायच्या आधी तो पुऱ्यांची बादली घेऊन गेटवर उभा राहायचा. नुसती पुरी देऊन भागायचं नाही. "गिळली का? तोंड दाखव." एकदा त्यानं खुद्द कमांडर साहेबांना थांबवून केळं खायला लावलं. साहेबांनी खाल्लं. साल रामदासनं परत घेतली, पुरावा म्हणून.

आणि होता कॉन्स्टेबल अल्बिनुस टोप्पो. झारखंडच्या गुमलाकडचा, कॅथलिक ख्रिस्ती. उंच, कमी बोलणारा, फुटबॉलमध्ये कोणालाही न आवरणारा. मराठी शिकला ती रामदासकडून, त्यामुळे थेट आमची झाडीबोली बोलायचा. फक्त बाईमाणसाला "तो" आणि गडीमाणसाला "ती" म्हणायचा. कमांडर साहेब कुठे आहेत विचारलं तर सांगायचा, "ती आंघोळीले गेली." साहेबांनी एकदा ऐकलं. तेव्हाही हसले. चांगला माणूस होता.

त्या पावसाळ्यात रस्ता बंद झाला आणि तिसऱ्याच दिवशी वायरलेसवर निरोप आला. टोप्पोची आई वारली. ऑपरेटर जोसेफनं निरोप घेतला. हा केरळचा, तोही कॅथलिक. त्यानंच टोप्पोला बाजूला नेऊन सांगितलं. टोप्पोची सुट्टी त्याच दिवशी मंजूर झाली. रस्ता नामंजूर. हेलिकॉप्टर फक्त जखमी आणि आजारी माणसांसाठी. आईची माती झाली तेव्हा टोप्पो आमच्या मोर्चावर, म्हणजे वाळूच्या पोत्यांच्या चौकीवर, संत्री ड्यूटी करत होता. ड्यूटी बदलून देतो म्हटलं, तर म्हणाला, "राहू द्या, हवालदार साहेब. बसून काय करू?"

पुढे तो माझ्याकडे एकच मागणं घेऊन आला. नाल्यापलीकडे मिशनचा दवाखाना होता. तिथले म्हातारे फादर एखाद्या रविवारी येऊन आईच्या नावानं मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रसादाची प्रार्थना, करतील का? साहेबांनी परवानगी दिली. फादर म्हणाले, नाल्यावरच्या रपट्याचं, म्हणजे ठेंगण्या पुलाचं, पाणी उतरलं की येतो.

शनिवारी त्यांचा निरोप आला. प्रसादाच्या पातळ चकत्यांचा डबा गळक्या छपराखाली भिजून गेला आहे, तेव्हा लंगरमध्ये रोटी करून ठेवा. टोप्पो रामदासकडे गेला. आता हा सीन मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

रामदासनं विचारायच्या आतच एक घाणा काढून ठेवला होता. कणकेत तूप, साखर, वर विलायची. वासानं अर्धी कंपनी दारात उभी. टोप्पोनं एक रोटी उचलली, हुंगली, खाली ठेवली.

"भाऊ, हा नाई चालत."

"काऊन नाई चालत? तुह्या देवाले गोड आवडत नाई?"

"फक्त कणीक न् पाणी."

"मीठ?"

"नाई."

"चिमूटभर?"

"नाई, भाऊ."

"मंग हा प्रसाद हाये का शिक्षा?"

टोप्पो पालथ्या पातेल्यावर बसला आणि कधी नव्हे ते सलग बोलला. येशूची शेवटची रात्र होती. दुसऱ्या दिवशी मरण ठरलेलं. त्यानं आपल्या लोकांसोबत बसून साधी रोटी घेतली, तोडली, सगळ्यांना दिली. म्हणाला, हे माझं शरीर आहे, घ्या आणि खा. माझी आठवण म्हणून असंच करत जा. पेल्यातला द्राक्षारसही तसाच दिला, माझं रक्त म्हणून. टोप्पोनं हे सगळं "ती म्हणाली, ती म्हणाली" असंच सांगितलं, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही.

"फादर प्रार्थना म्हणते तवरोक रोटी," टोप्पो म्हणाला. "मंग रोटी नाई. मंग येशूच."

"न् मले भेटंल का?" रामदासनं विचारलं.

टोप्पो ओशाळला. "बाप्तिस्मा झाला त्यालेच भेटते, भाऊ."

"म्हंजे बनवू मी, न् तुकडा भी नाई मले!"

मी म्हटलं, "रामदास, दलात रोज हेच चालतं. खांब आपण रोवतो, फीत साहेब कापतात." आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला खीर वाटतात, जो येईल त्याच्या हातात वाटी. मलाही हे थोडं खटकलंच होतं. पण टोप्पोचं सांगून संपलं नव्हतं.

"माझा आई म्हणायचा, हा रोटी खाल्ला का आपण सगळे एका ताटात. जितके जिवंत तितके, न् जितके मेले तितके भी. मी माती द्याले नाई गेलो, भाऊ. उद्या त्याच्यासंग जेवतो."

रामदासनं पहिला घाणा बाजूला सारला. हात धुतले, परात धुतली, तवा घासला. मग नुसती कणीक आणि पाणी. एक मोठी रोटी अख्खी ठेवली. बाकीच्या कणकेच्या चकत्या स्टीलच्या ग्लासनं पाडल्या. शेवटची चकती पाडून झाल्यावर म्हणाला, "एवढी फिकी वस्तू मी जिंदगीत नाई बनवली." पण झाकली मात्र धुतलेल्या पांढऱ्या फडक्यानं, जे तो साहेबांच्या ताटालाही वापरत नसे.

मिस्साआधी उपास करायचा असतो. आता नियम तासाभराचाच आहे, असं जोसेफनं सांगितलं. टोप्पोच्या आईचा नियम जुना होता. आदल्या रात्रीचं जेवण झालं की मिस्सा होईपर्यंत पाणीसुद्धा नाही. मिस्सा आईची, तेव्हा नियमही आईचा. शनिवारी जेवून उठल्यावर टोप्पोनं बाटलीचं झाकण लावलं ते लावलंच.

रविवारी सकाळी रपट्यावर पाणी होतंच. फादर दुपारपर्यंत येतो म्हणाले. रामदास पुऱ्या घेऊन टोप्पोच्या मागे. "अर्धी खा. देव पाहत नाई आता, ढग हायेत." टोप्पो नुसता हसायचा. बराकीत त्यानं टेबल लावलं, वर माझ्याकडून नवी चादर मागून अंथरली.

कॅम्पाकडचा रस्ता तपासणारी रोड ओपनिंग पार्टी रोजच्यासारखी पहाटेच निघाली होती. आम्ही बराक झाडत असताना सेट वाजला. आवाज पार्टीचा होता.

"फायर आया है. एक घायल. क्यूआरटी भेजो. ओव्हर."

जोसेफनं उत्तर दिलं, "क्यूआरटी मूव्ह कर रही है. ओव्हर."

क्यूआरटी म्हणजे मदतीला धावणारी तुकडी. त्या आठवड्यात टोप्पो तिच्यात होता. हेल्मेट, जॅकेट, रायफल. सगळे गेटकडे पळाले. गेटवर रामदास. इतरांना त्यानं जाऊ दिलं, टोप्पोचा पट्टा धरला.

"बिनखाता नाई सोडत मी तुले."

"भाऊ, सोड. माणूस पडली हाये."

रामदासनं कालची तूप-साखरेची रोटी कागदात गुंडाळून आणली होती. ती त्याच्या पाऊचमध्ये कोंबली. "वाटेत खाजो."

"मिस्सा झाल्यावर," टोप्पो म्हणाला आणि गेला.

जखमी जवान उघड्यावर पडला होता. टोप्पो रांगत गेला आणि त्याला ओढत झाडाच्या आडोशाला घेऊन आला. तो जवान आज जिवंत आहे. त्याची रायफल बाहेर राहिली होती. टोप्पो ती आणायला वळला. गोळी मानेत लागली.

सेटवर नाव आलं. जोसेफनं ते नियमाप्रमाणे परत म्हणून खात्री केली. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

हेलिकॉप्टर जखमीला घेऊन गेलं. ढग उतरले, दुसरी फेरी होईना. टोप्पोला आम्ही बराकीत आणलं, कारण कोरडी जागा तीच होती. लावलेलं टेबल होतं तसंच होतं. रामदासनं त्याचं तोंड पुसलं. पाऊच रिकामा करताना कागदाची पुडी निघाली. उघडून पाहिली. रोटी अख्खी होती.

दुपारी फादर आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. दारातूनच म्हणाले, "टोप्पो, उशीर झाला रे." मग त्यांनी पाहिलं. चपला खाली ठेवल्या. मग पाय पुसले आणि म्हणाले, "मिस्सा करू या. नावं आता दोन घ्यावी लागतील."

त्या बराकीच्या दारावर आज टोप्पोचं नाव आहे. पाटीवर त्याचं शौर्य लिहिलं आहे आणि ते शब्दन् शब्द खरं आहे. नवीन पोरं वाचतात, सॅल्यूट करतात. पाटीवर जे मावलं नाही, ते असं.

अख्खी कंपनी भिंतीला लागून उभी होती. टोप्पो टेबलाजवळ, स्ट्रेचरवर. फादरांनी रामदासची मोठी रोटी दोन्ही हातांनी वर धरली, शब्द म्हटले आणि तोडली. तुटल्याचा आवाज मागपर्यंत आला. त्यांनी स्वतः घेतली. जोसेफ पुढे गेला, जिभेवर चकती घेतली आणि रडत मागे आला. ताटात चकत्या उरल्या होत्या. फादर त्या स्वतःच संपवू लागले. त्या टाकत नाहीत, ठेवायला जागा नव्हती.

रामदास पुढे सरकला. मी हात धरला, पण त्यानं सोडवला.

"फादर," तो हळू म्हणाला, "त्याले?"

फादर थांबले. म्हणाले, "हे जिवंत माणसांसाठी असतं, रामदास. टोप्पोला आता याची गरज नाही."

रामदासनं एकदा टोप्पोकडे पाहिलं, एकदा ताटाकडे. आणि मग अख्ख्या बराकीला ऐकू जाईल असा ओरडला, "असं कसं गरज नाई! पोरगा कालपासून उपाशी हाये!"